पहिल्या टॅपला मेनू, दुसऱ्या टॅपला लिंक: पेज बदलताना ब्राउझर असे का वागतात?

आयफोनवर एखाद्या जुन्या वेबसाइटच्या मेनूवर बोट टेकवा. पहिल्या टॅपला नुसता ड्रॉपडाउन उघडतो, लिंक जागची हलत नाही. पुन्हा टॅप केलं की मग पुढचं पेज येतं. तीच साइट अँड्रॉइडच्या क्रोममध्ये उघडा. ड्रॉपडाउन दिसतो न दिसतो तोच लिंक उघडून मोकळी. कोड तोच, सर्व्हर तोच, बोटही तेच. टेस्टिंगवाली म्हणते, "सर, आयफोनवर दोनदा दाबावं लागतंय." डेव्हलपर म्हणतो, "माझ्याकडे तर चालतंय." आणि दोघंही खरं बोलत असतात.

हा बग कुठल्या एका ओळीत सापडत नाही, कारण तो एका न सुटलेल्या प्रश्नातून येतो. ब्राउझरमध्ये काही घडलं की तो पेजवरच्या जावास्क्रिप्टला कळवतो. या कळवण्यालाच इव्हेंट म्हणतात. बटण दाबलं, क्लिक. रकाना सोडला, ब्लर. माउस एखाद्या चित्रावर आला, माउसओव्हर. ही सगळी नावं माणसाच्या कृतीला दिलेली आहेत. पण पेज फक्त माणसामुळे बदलत नाही, स्क्रिप्टही ते सतत बदलत असते. मग स्क्रिप्टने रकानाच काढून टाकला, तर तो रकाना 'सोडला' असं म्हणायचं का? माउस जागेवरच आहे आणि चित्र सरकून त्याच्याखाली आलं, तर माउस चित्रावर 'आला' का? या प्रश्नांची उत्तरं ब्राउझर बनवणाऱ्यांनी आपापल्या समजुतीने दिली. नियमावली बऱ्याचदा मागाहून आली.

बोटाला माउस समजण्याची कसरत

२००७ साली आयफोन आला तेव्हा सगळं वेब माउससाठी लिहिलेलं होतं. मेनूवर माउस नेला की खाली यादी उघडायची, हा त्या काळचा सर्रास वापर. बोटाला 'नुसतं वर येणं' जमत नाही. ते एकतर काचेवर असतं किंवा नसतं. मग या हजारो मेनूंचं करायचं काय?

अ‍ॅपलने असं ठरवलं की टॅप झाला की सफारी, म्हणजे आयफोनचा ब्राउझर, माउसच्या इव्हेंटची अख्खी मालिका खोटी-खोटी पाठवेल: आधी माउसओव्हर, मग माउसमूव्ह, मग माउसडाउन, माउसअप आणि शेवटी क्लिक. त्यात एक पाचर मारून ठेवली. माउसमूव्हच्या वेळी पेजवरचा मजकूर बदलला, तर मालिकेतले पुढचे इव्हेंट पाठवायचेच नाहीत. अ‍ॅपलच्या डेव्हलपरांसाठीच्या मार्गदर्शिकेत हे कारणासकट लिहिलेलं आहे: वापरणाऱ्याला नव्याने आलेल्या मजकुरावर टॅप करता यावं म्हणून.

म्हणजे सुरुवातीचं ते दोनदा दाबणं बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. मला ती त्या काळापुरती पटते. नाहीतर यादी उघडायच्या आतच वरची लिंक चालू झाली असती आणि यादीतल्या पानांपर्यंत आयफोनवरून पोचताच आलं नसतं. अँड्रॉइडच्या क्रोमने ही सोय ठेवली नाही. तिथे मालिका शेवटपर्यंत जाते, मध्ये काही का बदलेना.

खरी गंमत पुढे आहे. 'मजकूर बदलला' म्हणजे नेमकं काय, हे यंत्राला कसं कळणार? सफारीच्या आतलं इंजिन म्हणजे वेबकिट. त्यात खास या कामाला एक पहारेकरी बसवलेला आहे, त्याचं नाव कंटेंटचेंजऑब्झर्व्हर. टॅपनंतर खोटा माउसमूव्ह पाठवला की तो पेजकडे बघत बसतो. आधी लपलेलं काही दिसू लागलं का? एखादा छोटा टायमर लावला गेला का, जो संपल्यावर काहीतरी दिसू लागेल? त्याच्याकडे तीन उत्तरं असतात: बदल नाही, दिसणारा बदल झाला, किंवा अजून सांगता येत नाही. पहिलं उत्तर आलं तर क्लिक जातो. दुसरं आलं तर क्लिक गिळला जातो. तिसरं आलं तर थोडं थांबून पुन्हा बघायचं. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये नव्याने दिसलेली गोष्ट टॅप करण्याजोगी आहे की नाही, हेही तो तपासतो.

थोडक्यात, हा अंदाज आहे, आणि अंदाज म्हटला की चुकणं आलं. दुकानाच्या साइटवर वस्तूंचे चौकोन असतात. त्यावर माउस नेला की कोपऱ्यात आवडीचं बदामाचं चिन्ह दिसतं. ते सीएसएसमध्ये, म्हणजे पेजची सजावट ठरवणाऱ्या भाषेत, 'डिस्प्ले' किंवा 'व्हिजिबिलिटी' बदलून दाखवलं असेल, तर आयफोनवर पहिला टॅप त्या बदामापायी वाया जाऊ शकतो. तेच चिन्ह नुसती पारदर्शकता बदलून, म्हणजे 'ओपॅसिटी' शून्यावरून एकवर नेऊन दाखवलं, तर पहारेकऱ्याला बरेचदा पत्ताच लागत नाही आणि क्लिक सुखरूप पोचतो. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. अनेक डेव्हलपर ही युक्ती मंत्रासारखी वापरतात, ती का चालते हे माहीत नसताना.

सरळ उपाय मात्र दुसरा आहे. सीएसएसमध्ये आता विचारता येतं की या यंत्राला खरंच 'वर नेणं' जमतं का. ते जमत असेल तरच होव्हरचे, म्हणजे माउस वर असतानाचे, नियम लागू करायचे. जावास्क्रिप्टमध्ये पॉइंटर इव्हेंट वापरले तर तो माउस आहे, बोट आहे की पेन, हे त्या इव्हेंटसोबतच येतं. माउस असेल तरच बदाम दाखवा, बोट असेल तर तो आधीपासूनच दिसू द्या. मग बघायला बदलच उरत नाही.

आणखी एक घोळ इथेच मिटवून टाकू. "आयफोनवर क्रोममध्ये पण तसंच होतंय, म्हणजे सफारीचा दोष नाही," असं वाक्य बग रिपोर्टांत नेहमी येतं. आयफोनवरचा क्रोम आतून वेबकिटच असतो. अ‍ॅपलचा नियमच तसा होता. युरोपीय संघात २०२४ पासून दुसरी इंजिनं आणायची मुभा मिळाली आहे, आपल्याकडे नाही.

रकाना काढला, की सोडला?

आता डेस्कटॉपवर येऊ. इथे भांडण क्रोम आणि फायरफॉक्सचं आहे, आणि ते जवळून बघण्यासारखं आहे.

समजा मालाच्या साठ्याची यादी आहे. १२ या आकड्यावर क्लिक केलं की त्या जागी लिहिता येईल असा रकाना येतो. तुम्ही १५ लिहून एंटर दाबता. कोड लिहिणाऱ्याने दोन गोष्टी केल्यात, दोन्ही शहाणपणाच्या. एंटर दाबलं तर आकडा सर्व्हरला पाठवायचा आणि रकाना काढून टाकायचा. एंटर न दाबता कोणी बाहेर क्लिक केलं, म्हणजे ब्लर झाला, तरी तेच करायचं.

फायरफॉक्समध्ये एंटर दाबलं की आकडा एकदा जातो, रकाना निघतो, विषय संपला. क्रोममध्ये एंटरचा हँडलर, म्हणजे त्या इव्हेंटसाठी लिहिलेला कोड, चालू होतो, आकडा पाठवतो आणि रकाना काढायला सांगतो. क्रोम बघतो की काढायच्या रकान्यात तर फोकस आहे, म्हणजे लिहिणं तिथेच चाललंय. म्हणून काढण्याआधी तो ब्लर पाठवतो. ब्लरचा हँडलर धावत येतो, आकडा पुन्हा पाठवतो आणि रकाना स्वतःच काढून टाकतो. मग पहिला हँडलर आपलं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला जातो, तर रकाना तिथे नाहीच. कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या एरर दाखवणाऱ्या खिडकीत, लाल अक्षरांत येतं की काढायचा नोड (पेजचा घटक) आता या नोडचं अपत्य राहिलेला नाही. पुढे एक प्रश्नार्थक वाक्यही असतं: कदाचित तो ब्लरच्या हँडलरमध्ये हलवला गेला असावा? क्रोमवाल्यांना हे इतक्या वेळा ऐकावं लागलं असणार की त्यांनी एरर मेसेजमध्येच संशयिताचं नाव लिहून टाकलं.

सर्व्हरला '१५ करा' असं कळवत असाल तर दोनदा गेल्याने फारसं बिघडत नाही. '३ वाढवा' असं कळवत असाल तर साठ्यात १८ दिसणार, आणि गोदामात जाऊन कोणीतरी खोके मोजत बसणार.

नियमावली इथे फायरफॉक्सच्या बाजूने आहे. एचटीएमएलच्या मानकानुसार फोकस असलेला घटक पेजमधून काढला, तर फोकस गुपचूप पेजच्या 'बॉडी'कडे जातो आणि ब्लर पाठवला जात नाही. मला विचाराल तर क्रोमची भूमिका वापरणाऱ्याच्या दृष्टीने जास्त समजण्यासारखी आहे. फोकस गेला ना? मग तसं सांगा. पण काढण्याच्या ऐन मध्यात दुसऱ्याचा कोड चालवू देणं धोक्याचं, हेही तितकंच खरं. तो हँडलर मधल्या मध्ये काय उलथापालथ करेल सांगता येत नाही.

रिअ‍ॅक्ट ही तयार कोडची लायब्ररी वापरणाऱ्यांना तिसराच अनुभव येतो. पेजवर बदल उतरवत असताना रिअ‍ॅक्ट स्वतःची इव्हेंट यंत्रणा तेवढ्यापुरती बंद ठेवतो. त्यामुळे घटक निघून गेला तर 'ऑनब्लर' क्रोममध्येसुद्धा येत नाही. रिअ‍ॅक्टमध्ये वर्षभर काम करून साध्या जावास्क्रिप्टकडे वळलेला माणूस इथे हमखास गोंधळतो.

यावर ब्राउझर ओळखून वेगळा कोड लिहिण्यात अर्थ नाही. एंटरच्या हँडलरमध्ये रकाना काढूच नका. तिथे रकान्याला फक्त फोकस सोडायला सांगा आणि पाठवणं, काढणं हे सगळं ब्लरमध्ये एकाच जागी ठेवा. स्क्रिप्टने मुद्दाम फोकस सोडायला लावला की ब्लर सगळे ब्राउझर पाठवतात, त्यात वाद नाही. शिवाय 'हे काम झालंय' अशी एक खूण ठेवली की दुसऱ्यांदा कोणी आलंच तर त्याला तिथूनच माघारी वळवता येतं. कारण क्रोम रकाना काढताना पुन्हा ब्लर पाठवणार नाही याची हमी कशाला गृहीत धरायची?

हरवलेला क्लिक

पुढचा प्रकार सगळ्या ब्राउझरांत होतो, तरी लोक तो ब्राउझरच्या माथी मारतात. फॉर्म भरताय. मोबाइल नंबर एक आकडा कमी पडलाय. तुम्ही थेट 'पुढे' बटण दाबता आणि काहीच होत नाही. पुन्हा दाबलं की होतं.

माउसचं बटण खाली दाबलं त्या क्षणी फोकस नंबरच्या रकान्यातून उडाला. ब्लर आला. ब्लरच्या हँडलरने नंबर तपासला आणि खाली लाल ओळ टाकली: 'मोबाइल नंबर १० अंकी हवा'. त्या ओळीने खालचं सगळं ढकललं, 'पुढे' बटणही. बोट अजून माउसवर दाबलेलंच आहे. ते सुटतं तेव्हा कर्सरखाली बटण नसतं, रिकामी जागा असते. क्लिक व्हायला दाबणं आणि सोडणं एकाच घटकावर व्हावं लागतं. ते दोन वेगळ्या घटकांवर झालं तर आजच्या नियमाप्रमाणे क्लिक त्या दोघांच्या सर्वांत जवळच्या समान पूर्वजाला जातो, बटणाला नाही. पूर्वी या बाबतीतही एकमत नव्हतं. काही ब्राउझर क्लिकच रद्द करायचे.

टॅब आणि एंटरने फॉर्म भरणाऱ्या डेव्हलपरला हे कधीच दिसत नाही. चूक दाखवणाऱ्या ओळीसाठी आधीच जागा राखून ठेवली की प्रश्न मिटतो.

मॅकवरच्या सफारीत याच्या शेजारीच एक खड्डा आहे. ब्लर होताना फोकस कुणाकडे चालला आहे हे इव्हेंटमधून कळतं. त्याचा उपयोग करून लोक लिहितात: फोकस 'रद्द करा' बटणाकडे जात असेल तर तपासू नका. पण मॅकच्या सफारीत बटणावर क्लिक केलं तरी बटणाला फोकस मिळत नाही, ती त्या मंचाची जुनी रीत आहे. त्यामुळे 'कुणाकडे' या प्रश्नाचं उत्तर रिकामं येतं आणि रद्द करायला निघालेल्या माणसाला चुकांची यादी वाचावी लागते.

माउस स्थिर, पेज हलतंय

शोधाच्या चौकटीत लिहायला लागलं की खाली सुचवण्यांची यादी उघडते. माउस आधीपासून तिथेच पडलेला असेल तर यादीतली एक ओळ आपोआप निवडली जाते, आणि एंटर दाबल्यावर भलतंच काही शोधलं जातं. तुम्ही माउसला हातही लावलेला नसतो.

पेजची मांडणी बदलली की कर्सरखाली आता कोण आहे, हे ब्राउझरला नव्याने तपासावं लागतं, नाहीतर होव्हरचा रंग चुकीच्या जागी राहील. त्यासाठी क्रोम आणि फायरफॉक्स दोघंही आतल्या आत माउस हलल्याचं नाटक करतात. पण ते कधी करायचं आणि त्यातून पेजपर्यंत कोणते इव्हेंट पोचू द्यायचे, यात फरक पडत आला आहे. जेक्वेरी यूआय या लायब्ररीच्या सुचवण्यांच्या यादीत केवळ फायरफॉक्समधली ही चुकून होणारी निवड टाळायला वेगळा कोड घालावा लागला होता.

उलट बाजूही आहे. कर्सरखालचा घटक स्क्रिप्टने काढून टाकला तर 'माउस बाहेर गेला' हा इव्हेंट त्या घटकाला मिळतोच असं नाही. म्हणून कधीकधी पिवळी टिप स्क्रीनवर लटकून राहते आणि पेज रिफ्रेश केल्याशिवाय जात नाही. टिप बंद करायचं काम 'माउस बाहेर गेला'वर सोडू नका. ज्या ओळीत घटक काढताय, तिथेच टिपही बंद करा.

बदलालाच इव्हेंट मानलं तर?

आतापर्यंत पेजचा बदल हे कारण होतं आणि त्यातून क्लिक, ब्लर वगैरे बिघडत होते. मग कोणाला तरी वाटणारच की बदलाचाच एक इव्हेंट का नसावा? तसा होता. नोव्हेंबर २००० मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने डॉम लेव्हल २ ची इव्हेंटविषयक शिफारस प्रसिद्ध केली. डॉम म्हणजे ब्राउझरमधलं पेजच्या घटकांचं झाड. त्या शिफारशीत म्यूटेशन, म्हणजे बदलाचे, इव्हेंट होते: नोड आला, नोड गेला, गुणधर्म बदलला, अक्षरं बदलली.

कागदावर छान. प्रत्यक्षात वेबकिटने, आणि त्यातून निघालेल्या क्रोमने, गुणधर्म बदलल्याचा इव्हेंट कधी दिलाच नाही. फायरफॉक्सने तो दिला, पण नोड दस्तऐवजात आल्याचे आणि गेल्याचे दोन वेगळे इव्हेंट त्याने कधी बनवले नाहीत. त्यामुळे एका ब्राउझरसाठी लिहिलेला कोड दुसऱ्यात गप्प बसायचा, एररसुद्धा न देता.

त्याहून मोठी अडचण रचनेतच होती. हे इव्हेंट जागच्या जागी, बदल होता होताच चालायचे. पंगतीत वाढपी जिलबी वाढतोय आणि प्रत्येक जिलबीला कोणीतरी त्याचा हात धरून "एक वाढली हो!" असं ओरडतंय, वर मधूनच समोरचं पान उचलून नेतंय, तर ती पंगत कधी उठायची? हजार ओळींची यादी पेजवर टाकली की हजार वेळा हेच. मोझिलाच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं होतं की असा लिसनर, म्हणजे इव्हेंटची वाट बघणारा कोड, लावल्याने पेजवरचे पुढचे बदल दीड ते सात पटींनी मंदावतात. शिवाय हँडलरने मध्येच रचना बदलली की ब्राउझरच्या आतला हिशेब चुकून तो कोसळण्याची भीती असायची.

२०१२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्समध्ये म्यूटेशनऑब्झर्व्हर आला, पुढच्या वर्षी इंटरनेट एक्सप्लोरर ११ मध्येही. तो मध्ये तोंड घालत नाही. चालू स्क्रिप्टचं काम संपलं की झालेल्या सगळ्या बदलांची यादी एकदम हातात देतो. जुने इव्हेंट कालबाह्य ठरूनही रेंगाळत राहिले. क्रोमने ते काढले जुलै २०२४ मध्ये, १२७ व्या आवृत्तीत. तेव्हा कित्येक कंपन्यांची आतल्या कामाची, कोणी न सांभाळलेली जुनी पेजं अचानक मुकी झाली असतील तर नवल नाही. एरर येत नाही, लिसनर लावला जातो, फक्त त्याला कोणी हाक मारत नाही.

ऑब्झर्व्हरकडूनही फार अपेक्षा नकोत. रकान्यात कोणी काय लिहिलं हे त्याला दिसत नाही, कारण तो मजकूर डॉमच्या झाडात नसतो. आणि त्याच्या हँडलरमध्ये तुम्ही स्वतःच पेज बदललं तर तो तुमचाच बदल तुम्हाला कळवतो, तुम्ही पुन्हा बदलता, आणि टॅब गोठतो. बदल करण्याआधी त्याला थांबवून, नंतर पुन्हा चालू करायचं.

मराठी लिहिताना

स्क्रिप्टने रकान्यातला मजकूर बदलला तर 'इनपुट' किंवा 'चेंज' इव्हेंट येत नाही. माणसाने बदलला तरच येतो. यावर आज सगळ्यांचं एकमत आहे. पण इंटरनेट एक्सप्लोररला ते कधी नीट पाळता आलं नाही. त्याच्या १० आणि ११ या आवृत्त्या रकान्यातली फिकट सूचना बदलली तरी 'इनपुट' पाठवायच्या. इतकंच नाही, ती सूचना साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडची असेल तर पेज उघडताच 'इनपुट' यायचा. म्हणजे इंग्रजी फॉर्म ठीक चालणार, आणि त्याच फॉर्मच्या मराठी आवृत्तीत 'तुमचे पूर्ण नाव' अशी सूचना घातली की कोणी काही लिहायच्या आधीच 'नाव भरणे आवश्यक आहे' असं लाल अक्षरात झळकण्याची शक्यता. भाषांतर करणाऱ्यावर खापर फुटायला आणखी काय लागतं! अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कच्या, म्हणजे पेज उभारायच्या तयार चौकटीच्या, कोडमध्ये याच भानगडींसाठी खास टिप्पणी आणि खास उपाय आहे. १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा अधिकृत आधार बहुतेक विंडोज १० वर संपला.

आजचा प्रश्न फोनच्या कीबोर्डचा आहे. अँड्रॉइडवर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डने लिहिताना शब्द पुरा होईपर्यंत तो कच्चा मानला जातो, बरेचदा त्याखाली रेघ दिसते. या काळाला ब्राउझरच्या भाषेत कॉम्पोझिशन म्हणतात. कोणती की दाबली असं विचारलं तर क्रोम बहुतेक वेळा २२९ हा एकच आकडा सांगतो, म्हणजे 'कीबोर्डला विचारा'. शब्द पक्का झाला की कॉम्पोझिशन संपल्याचा इव्हेंट येतो. क्रोममध्ये आधी इनपुट येतो, मग कॉम्पोझिशन संपल्याचा. फायरफॉक्समध्ये उलट.

व्ह्यू या फ्रेमवर्कने चिनी, जपानी, कोरियन लिहिणाऱ्यांचा विचार करून ठरवलं की कॉम्पोझिशन चालू असेपर्यंत रकान्याशी जोडलेली किंमत बदलायची नाही. त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. पण आपण गावांच्या यादीत 'पुणे' शोधायला लागलो की स्पेस देईपर्यंत यादी ढिम्म हलत नाही. यासाठी व्ह्यूच्या सोयीच्या जोडणीऐवजी इनपुट इव्हेंट स्वतः ऐकायचा, इतकं पुरतं.

स्क्रिप्टने कच्च्या शब्दात हात घातला तर मात्र फजिती होते. काही फॉर्म लिहिता लिहिता जादा जागा काढतात, नको ती अक्षरं गाळतात. कीबोर्डच्या मनात 'क्षी' तयार होत असतो आणि स्क्रिप्टने रकान्यात भलतंच लिहून ठेवलेलं असतं. मग अक्षरं दुप्पट होतात किंवा काना-मात्रा सुट्या पडतात. कॉम्पोझिशन चालू असताना वाचायला हरकत नाही, लिहायचं मात्र ते संपल्यावर. आणि ते संपल्याचा इव्हेंट व इनपुट यांचा क्रम गृहीत धरायचा नाही. दोन्हींवर एकच फंक्शन लावा, ते दोनदा चाललं तरी निकाल तोच येईल असं लिहा.

आपोआप चालणाऱ्या टेस्ट हे का पकडत नाहीत

कारण साधं आहे. टेस्टमध्ये जावास्क्रिप्टने बटणाला 'क्लिक हो' असं सांगितलं की फक्त क्लिक इव्हेंट जातो. माउसओव्हर नाही, माउसडाउन नाही, फोकस हलत नाही, ब्लर येत नाही. वर सांगितलेली निम्मी दुखणी त्या मधल्या पायऱ्यांवरच होतात. प्लेराइटसारखी साधनं खऱ्या दाबण्यासारखी पूर्ण मालिका पाठवतात, म्हणून हरवलेला क्लिक त्यांत सापडू शकतो.

दोनदा दाबायचा आयफोनचा प्रकार मात्र तिथेही निसटतो. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये, म्हणजे डेव्हलपरांसाठीच्या साधनांत, वरून 'आयफोन' निवडला तर स्क्रीनचं माप बदलतं, टॅपची नक्कल होते, पण इंजिन क्रोमचंच राहतं. त्यात वेबकिटचा तो पहारेकरी नसतो. मॅक असेल तर एक्सकोड या डेव्हलपरांच्या साधनाबरोबर येणाऱ्या सिम्युलेटरमधली सफारी बरीच जवळ जाते. नसेल तर टीममधल्या कोणाकडे तरी आयफोन असतोच. तो मागून घ्या, मेनूवर एकदाच टॅप करा, आणि बग रिपोर्टमध्ये पहिल्या टॅपला काय दिसलं आणि दुसऱ्याला काय झालं हे वेगवेगळं लिहा, आयओएसच्या आवृत्तीसह.